प्रशासकाच्या काळात कामं भरभर झाली, मग निवडणूक हवीच कशाला?

पांझराकाठ (धुळे)

खान्देशात गेली काही वर्षं एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं. लग्नाच्या मांडवात, एसटीत, कृषी केंद्राच्या ओट्यावर. "साहेब होते तेव्हा कामं झाली. आता पुन्हा निवडून आलेले, पुन्हा टक्केवारी." २०२२ पासून आपल्याकडच्या एकेका संस्थेची मुदत संपत गेली. जळगाव जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्येच संपली, नगरपालिका आणि महानगरपालिकांचंही पुढे तेच झालं. आधी ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचा, आणि सगळे अधिकार एकेका सरकारी अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रशासकाच्या हाती गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला, त्यालाही पुढे मुदतवाढ लागली.

या काळात कामं झाली, हे मी नाकारत नाही. काही अधिकारी खरोखर चांगले होते. पण त्यावरून लोक जेव्हा "लोकप्रतिनिधी नसले तरी चालतं" इथपर्यंत येतात, तेव्हा मला काळजी वाटते. कारण ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की पंचायत असो वा नगरपालिका, मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि पुढची निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. घटना लिहिणाऱ्यांनी आणि दुरुस्त करणाऱ्यांनी हा आग्रह का धरला असेल?

माझ्या मते लोकशाही सरकार ओळखायची खूण एकच आहे. ज्याच्यावर राज्य चालतं त्याला राज्य करणाऱ्याकडे जाब मागता येतो का, आणि तो पटला नाही तर रक्ताचा थेंब न सांडता त्याला घरी पाठवता येतं का? ठरावीक मुदतीने निवडणूक, प्रत्येक प्रौढाला एक मत, विरोधात बोलायची मोकळीक, सत्ताधाऱ्यालाही लागू होणारा कायदा, सरकारच्या दबावाबाहेरचं न्यायालय, हे सगळं त्या एका गोष्टीसाठी लागतं. यातलं एक काढलं की बाकीचं लंगडतं.

नगरपालिकेची सर्वसाधारण सभा आठवून बघा. विषयपत्रिका आधी निघते. ठरावावर बोलणारे असतात, विरोध नोंदवा म्हणून अडून बसणारे असतात, मागे पत्रकार बसलेले असतात. गोंधळ होतो, आरडाओरडा होतो, कधी सभा तहकूब होते. पण कोणत्या रस्त्याला किती पैसे आणि कोणत्या वस्तीला का नाही, हे त्या गोंधळात बाहेर येतं. प्रशासकाच्या काळात तोच ठराव एका दालनात एका सहीने होतो. ती सही योग्यही असेल. पण ती चुकली तर आपण विचारायचं कुणाला? साहेबांची तोवर बदली झालेली असते, आणि नव्या साहेबांना मागचं काही ठाऊक नसतं.

सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा. ज्यांचा अनुभव उलटा आहे त्यांनी तर जरूर लिहा.


केळीबाग (रावेर)

भाऊ, मोकळेपणाने लिहा म्हणालात म्हणून लिहितो. पुस्तकातली लोकशाही वेगळी आणि आमच्या गटातली वेगळी. आमच्याकडे शिवरस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं. केळीचा घड निघाला की ट्रक बांधापर्यंत येत नाही, मजुरांनी डोक्यावर माल वाहायचा, त्यात घड घासला जातो आणि व्यापारी भाव पाडतो. सदस्याकडे गेलो तर तो आधी विचारायचा, तुमच्या गल्लीने मत कुणाला दिलं. प्रशासक आले, त्यांनी मोजणी लावली, अतिक्रमण काढलं, मुरूम पडला. कुणाचं मत कुणाला हे त्यांनी विचारलं नाही.

आता सांगा, मी कुणाला चांगलं म्हणू? निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकिटं फिरतात हे इथे सगळ्यांना माहीत आहे. ज्याने पाकिटं वाटली तो निवडून आल्यावर पैसे वसूल करणारच. मग ठेकेदार त्याचा, मुरूम त्याचा, बिल त्याचं. लोकशाहीचे गुण सांगताना हे बाजूला ठेवून चालणार नाही.


तावडी माणूस (जामनेर)

केळीबाग बरोबर बोलतोय भो. पण एक गोष्ट. तुमचे साहेब चांगले निघाले. आमच्याकडे आलेले साहेब भेटायचेच नाहीत. चिठ्ठी आत पाठवा, बाहेर बसा, संध्याकाळ झाली की घरी जा. सदस्य टक्के खातो पण निदान त्याचं घर माहीत असतं.


अहिरानी (साक्री)

मतदानना दिन उना का सगळा पाया पडतस, मंग पाच वरीस कोनी दखास नही, हाई खरं शे. पन साहेबना दारमा तं तो एक दिन बी येत नही. मन्हा बापले त्या एक दिननी किंमत ठाऊक व्हती.


पांझराकाठ (धुळे)

केळीबाग भाऊ, तुमचा राग मला खोटा वाटत नाही. "मत कुणाला दिलं" असं विचारून काम करणारा प्रतिनिधी लोकशाहीशीच बेइमानी करतो. मतदान गुप्त ठेवलंय ते याचसाठी. पण तुमच्याच उदाहरणात बघा. तुमचा रस्ता झाला कारण नशिबाने माणूस चांगला मिळाला. जामनेरच्या भाऊंना तो मिळाला नाही, आणि त्यावर त्यांच्या हातात काहीच उपाय नव्हता. वाईट सदस्याला पाच वर्षांनी पाडता येतं. वाईट प्रशासकाची बदली व्हावी म्हणून मात्र पुन्हा कुणा आमदाराकडेच जावं लागतं.

आणि त्या एका दिवसाची किंमत, जी साक्रीच्या भाऊंनी लिहिली, ती फुकटात मिळालेली नाही. १९३५च्या कायद्याखाली मताचा अधिकार सारा, घरपट्टी, शिक्षण असल्या अटींवर होता. १९३७च्या निवडणुकीत सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते तीन कोटींच्या आसपास. आपल्यापैकी बहुतेकांच्या पणजोबांना मत नव्हतं, पणजीला तर विचारूच नका. १९५१-५२ला हा आकडा एकदम १७ कोटींच्या पुढे गेला. त्या वेळी देशात साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. अशा देशात सगळ्यांना मत द्यायचं हा वेडेपणा आहे असं म्हणणारे तेव्हाही होते. तरी ते दिलं गेलं. वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हं आली, प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवली गेली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. मतदार यादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सेन यांनी नावाशिवाय नोंद घ्यायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया त्या यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतल्या पुष्कळजणी स्वतःच्या नावाने यादीत आल्या. सरकारदरबारी बाईचं स्वतःचं नाव लागणं, हेसुद्धा या राज्यपद्धतीने घडवलं.

पाकिटांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच सांगतो. पाकीट वाटावं लागतं, कारण तुमच्या मताविना त्याला खुर्ची मिळत नाही. मत काढून घेतलं तर पाकीट थांबेल, टक्केवारी थांबणार नाही. ती फक्त वरच्या मजल्यावर जाईल.


आबा (अमळनेर)

माझं वय झालंय, बोटाने हळूहळू टाइप करतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

लोकशाहीचा मोठ्यातला मोठा गुण कोणता असं विचाराल तर मी १९७२चा दुष्काळ सांगेन. विहिरी आटल्या, गुरं कवडीमोलाने गेली. लोक खडी फोडायला गेले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, जिकडे बघावं तिकडे हजेरीपटावर माणसं. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. हाल फार झाले. पण बंगालसारखी प्रेतं रस्त्यावर पडली नाहीत.

बंगालचा दुष्काळ १९४३चा. वीस ते तीस लाख माणसं मेली असं अभ्यासक सांगतात. त्या वेळी हुकूम लंडनहून यायचे, वर्तमानपत्रांवर बंधनं होती, आणि कलकत्त्याच्या फुटपाथवर मरणाऱ्याचं मत लंडनमधल्या कुणालाच लागणार नव्हतं. अमर्त्य सेन यांनी पुढे हे सूत्र मांडलं, की जिथे नियमित निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात, तिथे मोठा दुष्काळबळी होत नाही. सरकारला बातमी लपवता येत नाही आणि पुढची निवडणूक टाळता येत नाही. चीनमध्ये १९५९ ते ६१ या काळात कोट्यवधी लोक उपाशी मेले. खालचे अधिकारी वर खोटे धान्याचे आकडे पाठवत राहिले, आणि ते खोटं आहे असं जाहीर म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

आपल्याकडे विधिमंडळात रोज प्रश्न होत होते. विरोधक मोर्चे काढत होते, काम द्या म्हणून लोक तहसीलवर जात होते. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना आधीच मांडून ठेवली होती. दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७३च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. १९७७ला त्याचा कायदा झाला, १९७९च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईचा कारकून कर भरतो आणि पारोळ्याचा शेतमजूर त्यावर जगतो, ही व्यवस्था निवडून आलेल्या सभागृहाने केली. देशभरची २००५ची रोजगार हमी याच मुळावर उभी राहिली.

आणि एक आठवण करून देतो. खेडेगावात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरचं. डिसेंबर १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजींसारख्यांनी गावोगाव फिरून माणसं उभी केली, नंदलाल बोस यांनी बांबू-कामट्यांतून नगर सजवलं. तिथे ठराव झाला की आमची घटना आम्ही लिहू, आणि ती लिहिणारी सभा प्रौढ मताधिकारावर निवडलेली असावी. प्रत्यक्षात १९४६ला घटना समिती मर्यादित मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांतून आली, ही गोष्ट वेगळी. पण मागणी आपल्या मातीतून गेली होती. रावेरच्या भाऊंना फैजपूर काही लांब नाही.


सातपुड्याची मास्तरीण (धडगाव)

आबा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. त्यात मला जोड द्यायची आहे, कारण मी जिथे शिकवते तिथे हे सूत्र अर्ध्यावर थांबतं.

दुष्काळात माणूस मेला की फोटो छापून येतो. कुपोषणाने खुरटलेलं मूल फोटोत तितकं ठळक दिसत नाही. अक्राणी आणि अक्कलकुव्यात किती सरकारं आली-गेली, आमची मुलं अजून वजनात कमी भरतात. गरोदर बाईला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो. अमर्त्य सेन यांनीही हे म्हटलेलं आहे, की भारताने दुष्काळबळी थांबवले, पण रोजची उपासमार तशी थांबवली नाही. म्हणून लोकशाहीचे गुण सांगताना मी आमच्या पाड्यांना विसरू देणार नाही.

तरीही मी लोकशाहीच्याच बाजूने आहे, आणि का ते सांगते.

आमचा भाग इंग्रजांच्या काळात "अंशतः वगळलेला" होता. अक्राणी महाल, नवापूर पेठा, मेवासी जमीनदारांची गावं. कायदेमंडळाने केलेला कायदा इथे लागू करायचा की नाही हे गव्हर्नर ठरवी. आदिवासींचं भलं साहेबाला जास्त कळतं, असा तो विचार. म्हणजे "चांगला साहेब" हा प्रयोग आमच्यावर आधीच करून झालेला आहे. त्यात रस्ता आला नाही, दवाखाना आला नाही, आणि जंगल मात्र सरकारजमा झालं.

उलट्या दिशेने जे आलं ते मत मिळाल्यावर आलं, आणि मतासोबत संघटना झाल्यावर आलं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा, २००६चा वनहक्क कायदा. वनहक्काच्या दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते, हे वाचायला साधं वाटतं. ज्या माणसाला वनरक्षक कालपर्यंत "चोर" म्हणून हाकलत होता, तो आज सभेत उभा राहून सांगतो की हा माझा प्लॉट, हा नाला, हे महूचं झाड, माझा आजोबा इथे कसत होता, आणि शेजारचे म्हातारे साक्ष देतात. दावे अडकतात, परत येतात, क्षेत्र कापून मंजूर होतं. मी त्याचं गोड चित्र काढत नाही. पण जाब विचारण्याची जागा आता पाड्यावर आहे.

नर्मदेकाठी मणिबेलीपासूनच्या गावांनी सरदार सरोवराविरुद्ध काय सोसलं हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. धरण थांबलं नाही. गावं बुडाली. पण लोक सत्याग्रहाला बसू शकले, न्यायालयात जाऊ शकले, जगासमोर बोलू शकले. जागतिक बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली आणि १९९३मध्ये या प्रकल्पाचं तिचं कर्ज थांबलं. पुनर्वसनाची जी जमीन तळोदा-शहाद्याकडे मिळाली, ती कुणी आपण होऊन दिलेली नाही, लढून मिळालेली आहे. ज्या राज्यात बोलायलाच बंदी असते तिथे ही माणसं नुसती उठवली गेली असती.

आणखी एक मला रोज खटकतं. ग्रामसभेचं इतिवृत्त मराठीत, परिपत्रकं मराठीत, आणि सभेला बसलेल्या बाया पावरी बोलणाऱ्या. काय ठरलं ते कळलंच नाही तर जाब कसा विचारणार? माझी मागणी आहे की आमच्या भागात ठराव पावरीत, भिलोरीत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय अंगठे घेऊ नयेत.


विधी शाखा (जळगाव)

सगळं मन लावून वाचतोय. मी कायद्याचा विद्यार्थी आहे, म्हणून एक बाजू मांडतो जी वर आली नाही. बहुमत.

समजा गावच्या सभेत बहुमताने ठरलं की एका वस्तीचं पाणी तोडायचं. मतदान रीतसर झालं, कोरम होता, सह्या आहेत. हा निर्णय लोकशाहीतला म्हणायचा का? माझ्या मते नाही. काही गोष्टी अशा असतात ज्यांच्यावर मतदानच घेता येत नाही. कायद्यापुढे समानता, अस्पृश्यता पाळण्याला बंदी, बोलण्याचं स्वातंत्र्य, जगण्याचा हक्क. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संसदेलाही दुरुस्ती करून घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. ज्याच्या बाजूने फार लोक नाहीत त्यालाही निर्धास्त झोप लागली पाहिजे. ही हमी नसेल तर निवडणूक म्हणजे नुसती शिरगणती.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात दिलेला इशारा मला फार महत्त्वाचा वाटतो. राजकारणात प्रत्येकाचं मत सारखं आणि समाजात, मिळकतीत मात्र विषमता, ही विसंगती फार काळ ठेवली तर ज्यांना ती सोसावी लागते ते ही इमारतच उडवून देतील, असा त्याचा आशय. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीपासून सावध केलं. एका माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. मला "चांगला साहेब" हवा म्हणणाऱ्यांना हेच सांगावंसं वाटतं.

या व्यवस्थेची परीक्षा एकदा झालीय. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी लागू झाली. विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं, की या काळात बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. विरोधात लिहिणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं. म्हणजे न्यायालयही कोसळू शकतं. पण १९७७च्या मार्चमध्ये निवडणूक झाली आणि खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पडल्या. त्यांनी निकाल मानला, पद सोडलं. नव्या संसदेने ४४व्या दुरुस्तीने तरतूद केली, की आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. आणि १९८०ला त्याच इंदिरा गांधी पुन्हा मतं मागून सत्तेत आल्या. १९७६चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये चुकीचा ठरवला. चाळीस वर्षं लागली, पण खन्नांचं म्हणणं खरं ठरलं.

लोकशाहीत चुका होत नाहीत असं नाहीच. मोठमोठ्या होतात. त्या सुधारायचा रस्ता मात्र बंद होत नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा सगळ्यात मोलाचा गुण.


केळीबाग (रावेर)

मास्तरीणबाई, तुमचं "चांगला साहेब हा प्रयोग आमच्यावर झालाय" हे मनाला लागलं. विचार करतोय.

पण मला अजून वाटतं की आपल्याकडे जुन्या काळी गावं आपली आपण नीट चालायची. धुळ्याकडची फड पद्धत घ्या. ना आमदार, ना निवडणूक, ना पाकीट, तरी शेकडो वर्षं पाणीवाटप न्यायाने झालं. पक्ष आले आणि गाव फुटलं. पक्षाशिवाय लोकशाही करता येणार नाही का?


पांझराकाठ (धुळे)

फडाचं नाव काढलंत, आता मला आवरता येणार नाही. आमची जमीन पांझरेच्या फडातली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाण्याखालची सगळी जमीन काही फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा ऊस कोणत्या फडात आणि भुसार कोणत्या, हे बागायतदार बसून ठरवत. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची. म्हणून पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर तोटा एकट्यादुकट्याच्या डोक्यावर न पडता सगळ्यांत वाटला जाई. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाणी फिरवायचा निर्णय शेतकऱ्याने स्वतः करायचा नाही, पाटकऱ्याने करायचा. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षं टिकली, आणि जगभरच्या पाणी अभ्यासकांनी येऊन ती पाहिली. मला तिचा अतोनात अभिमान आहे. नियम ज्यांना पाळायचे त्यांनीच ते करायचे, आणि ते करणाऱ्यालाही लागू, हा लोकशाहीचा गाभा त्यात आहे.

पण भाऊ, त्या बैठकीत बसायचं कोण? ज्याची बागायत त्याने. ज्याला जमीन नाही तो गाळ काढायला होता, ठरवायला नव्हता. बाईमाणूस तर ओट्यापर्यंतही नाही. पिण्याच्या पाण्यावरून कोणाला लांब उभं राहावं लागत होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. १९४८च्या नोव्हेंबरमध्ये घटना समितीत आंबेडकर जुन्या ग्रामव्यवस्थेवर इतके कठोर बोलले ते याच अनुभवातून. इथे लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर ३१ जुलैला त्यांच्या आठवणीत जी माणसं जमतात, त्यांच्या आज्या-पणज्यांना विचारलं असतं तर "जुनं गाव न्यायाने चालायचं" याचं वेगळं उत्तर मिळालं असतं.

फडात होता तो कारभाराचा शहाणपणा. १९५० नंतर आली ती माणसांची बरोबरी. मला दोन्ही हवेत. फडातला नियम घ्या आणि त्या बैठकीत भूमिहीनाला आणि बाईला बसवा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगलाच्या बाबतीत हेच केलं. गावाने बसून तोडीचे नियम केले, दंड ठरवला आणि तो पाळला. त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली.

पक्षांबद्दल थोडक्यात. मला गावकीत पक्ष नको वाटतात, कायदाही ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर घेत नाही. पण वरच्या पातळीवर पक्ष नसेल तर विरोधक एकेकटे राहतात, आणि एकेकट्याला सरकार सहज गप्प करतं.


गिरणाथडी (चाळीसगाव)

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. राखीव जागेवर आले. वर कुणीतरी सरपंचपतीचा विषय काढणार म्हणून वाट बघत होते, कुणी काढला नाही, म्हणून मीच काढते.

होय, पहिल्यांदा सही माझी आणि बोलणं घरच्यांचं, असंच होतं. सभेत मला खुर्ची होती पण प्रश्न मागच्या रांगेतल्या माझ्या दिरांना विचारले जात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असं कायद्यात आहे, ती कागदावर झालेली असायची. एकदा मी म्हटलं की ती खरोखर घेऊ. बाया आल्या, आणि बोलल्या काय? पाण्याच्या टाकीचं झाकण, हापशाभोवतीचा चिखल, मुलींच्या शाळेच्या वाटेवरचा अंधार, आणि दारूचा गुत्ता. यातला एकही विषय मी आधी पुरुषांच्या सभेत ऐकला नव्हता. त्यांना तो प्रश्न नव्हताच, पाणी ते भरत नाहीत.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ला दाखवलं, की जिथे प्रमुखपद बाईला राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. मला ते वाचायच्या आधीच कळलेलं होतं.

महाराष्ट्राने २०११मध्ये स्थानिक संस्थांत आम्हाला निम्म्या जागा दिल्या. प्रतिभाताई १९६२ला जळगावातून आमदार झाल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या, पुढे राष्ट्रपती झाल्या. पण तशा एखाद-दुसऱ्या. आता गावोगाव आहोत. आणि केळीबाग दादा, प्रशासक आले की सगळ्यात आधी आम्ही जातो. नगरपालिका, जिल्हा परिषदांमधल्या निम्म्या खुर्च्या बायकांच्या होत्या. त्या सगळ्या रिकाम्या झाल्या, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.


केळीबाग (रावेर)

ताई, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. टक्केवारीबद्दल मी माझं म्हणणं सोडत नाही. पण निवडणूक नको हे म्हणणं सोडतो. पुढच्या वेळी मत मागायला येतील तेव्हा मागच्या पाच वर्षांच्या खर्चाचा कागद घेऊन या, असं आमच्या गल्लीत सांगणार आहे.


नवा सभासद (पारोळा)

पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या गावी ग्रामसभा होते असं म्हणतात, पण दवंडी ऐकू येत नाही. नंतर कळतं की सभा झाली आणि ठराव झाले. इतिवृत्त मागितलं तर "नंतर या" म्हणतात. काय करता येईल?


विधी शाखा (जळगाव)

दादा, टप्प्याटप्प्याने सांगतो.

वर्षात किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. पुरेसं कारण नसताना त्या घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. सभेची नोटीस साधारण सात दिवस आधी लागते. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला कोरमची अट नसते. पुष्कळ गावांत नेमकं इथेच चार माणसं बसून ठराव उरकतात. म्हणून तहकूब सभेची तारीख आवर्जून विचारून ठेवा आणि माणसं घेऊन जा.

इतिवृत्तासाठी तोंडी मागणं बंद करा. माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. जन माहिती अधिकारी ग्रामपंचायतीतच असतो. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही. "गेल्या आर्थिक वर्षातील सर्व ग्रामसभांच्या नोटिसा, उपस्थिती नोंदवही आणि इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती" असं नेमकं मागा. "सर्व माहिती द्या" असं मोघम लिहिलं तर टोलवतात. पोच घ्यायला विसरू नका, पोचेवर तारीख आणि शिक्का हवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, ते पंचायत समितीत जातं. तिथेही काही झालं नाही तर राज्य माहिती आयोग.

उपस्थिती नोंदवही मिळाली की सह्या नीट तपासा. गावाबाहेर राहणाऱ्या माणसांच्या किंवा वारलेल्यांच्या नावापुढे सही असेल तर तेवढ्यावरच गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार होते. अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मी लिहून देईन. पण सही तुमचीच हवी, आणि जमलं तर गल्लीतल्या आणखी दोघा-तिघांनी असेच वेगवेगळे अर्ज टाका.


नवा सभासद (पारोळा)

मिळालं. सोमवारी तिघं जातोय. आईचंही नाव घातलंय अर्जात, ती म्हणाली मलाही सही करायचीय.